आधी समोरच्याचं

चेनवाल्यांना कुणी स्वस्थ बसलेलं पाहिलं असेल तर त्यानं येऊन सांगावं, आपण त्याला चहा पाजू. माणूस दुकानात स्टुलावर असतो खरा, पण त्याला बसणं म्हणत नाहीत. गुडघा हलत असतो, हातातला टोचा या बोटातून त्या बोटात जात असतो, आणि बॅगेची चेन नीट बसली तरी चारदा उघडून मिटून बघितल्याशिवाय ते ती गिऱ्हाइकाच्या हातात देत नाहीत. गिऱ्हाईक म्हणतं, "काका, गाडी सुटेल हो." हे म्हणतात, "सुटू दे, दुसरी येईल. वाटेत कपडे बाहेर आले तर शिव्या मलाच घालशील."

दुकान बस डेपोच्या फाटकाला लागूनच. भिंतीवर टांगलेली चाकं आणि हँडलं, बरण्यांमध्ये चेनचे तऱ्हेतऱ्हेचे रनर, कोपऱ्यात रेक्झिनचे गुंडाळे, आणि मध्ये हे. प्रवासाला निघालेल्या माणसाची बॅग घरी तुटत नाही, बरोबर डेपोत येऊनच तुटते. कोण जाणे का, पण तसंच होतं, आणि त्याच्या जिवावर चेनवाल्यांनी घर चालवलं, मुलीला शिकवलं, आईची आजारपणं काढली.

आता असा पायाला भिंगरी लावलेला माणूस सभेचा अध्यक्ष कसा झाला, असं तुम्ही विचाराल. विचारा. आमची गल्ली अजून विचारते.

त्या सभेला 'समोरासमोर' म्हणतात. वॉर्डाची निवडणूक आली की वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर मासिकांची टेबलं भिंतीला सरकवायची, बाकं मांडायची आणि उमेदवारांना लोकांपुढे बसवायचं, ही जुनी रीत. पूर्वी तिथे निव्वळ धुडगूस चालायचा. एक बोलायला उठला की दुसऱ्याची माणसं बाकं वाजवणार, दुसरा उठला की पहिल्याची शिट्ट्या मारणार. एका वर्षी खुर्च्या उडाल्या आणि कपाटाची काच फुटली. तेव्हा ग्रंथपालबाईंनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आपटला. या बाईंचा चढलेला आवाज तोवर कुणी ऐकला नव्हता. त्या म्हणाल्या, "एक तर सभा बंद, नाहीतर माझा नियम."

नियम असा की आधी समोरच्याचं म्हणणं सांगायचं, मग आपलं. म्हणजे तुम्ही उमेदवार असाल तर आधी तुमच्या विरोधकाचं म्हणणं मांडायचं, तेही असं, की तो स्वतः म्हणाला पाहिजे, "हो, हेच माझं म्हणणं." मग अध्यक्ष म्हणणार, "चला पुढे," आणि मगच तुम्हाला स्वतःचं बोलता येणार. टर उडवलीत, अर्धवट सांगितलंत, तर अध्यक्ष म्हणणार, "पुन्हा." समोरचा उगाच अडून बसला तर त्याला गप्प करायचं कामही अध्यक्षाचंच. आणि लोकांमधून कुणी प्रश्न विचारायला उठला, तर त्यालाही हीच अट.

पहिल्या वर्षी लोक हसले. मग भलेभले वक्ते घामाघूम झालेले बघितले, तेव्हा हसायचे थांबले. आपल्या विरोधकाचं म्हणणं त्याच्याच तोंडावर नीट मांडायचं म्हणजे जीभ जड होते हो माणसाची. अध्यक्ष म्हणून आधी एक वकील होते, ते कंटाळले. मग बाईंनी चेनवाल्यांना पकडलं. म्हणाल्या, "जो माणूस चेन चारदा तपासतो तो बोलणंही तपासेल." आणि खरंच, इतकी वर्षं त्यांच्या 'चला पुढे'वर आणि 'पुन्हा'वर कुणी बोट ठेवलं नाही. चेनवाल्यांना त्याचा अभिमान होता. आता खोटं कशाला बोला, थोडा जास्तच होता.

तर या निवडणुकीत काय झालं, की त्यांची मुलगीच उभी राहिली.

मुलगी दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते, आईबापांजवळच राहते. समोर उमेदवार जुने नगरसेवक, डेपोसमोरच्या औषधांच्या दुकानाचे मालक. त्यांना सगळे औषधवाले म्हणतात. मुलीनं पत्रक काढलं त्यात एकच मागणी ठळक: बस डेपो वस्तीबाहेर हलवा. धूर किती, खोकल्याचे पेशंट किती, सगळं पद्धतशीर लिहिलेलं. औषधवाल्यांचं म्हणणं, डेपो आहे तिथेच राहू दे.

डेपो हलला की चेनवाल्यांचं दुकान बसलंच म्हणून समजा. डेपो नसेल तर फाटकाशेजारी कोण येणार चेन बसवायला? शेजारचा चहावाला कप विसळता विसळता म्हणाला, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ." चेनवाल्यांनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. पण त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या बॅगेला त्यांनी रनर उलटा बसवला, आणि असं त्यांच्या हातून आजवर झालं नव्हतं.

त्यांना डेपोपेक्षा दुसरंच जास्त लागलं होतं. पोरगी गल्लीत दारोदार फिरली. चहावाल्याला विचारलं, चपला शिवणाऱ्याला विचारलं, वरच्या मजल्यावरच्या बहिऱ्या आजोबांना ओरडून ओरडून विचारलं, तुम्हाला काय वाटतं म्हणून. बापाच्या दुकानाशी आली तेव्हा मात्र पत्रक पुढे केलं, "बाबा, वाचा," म्हणाली, आणि पुढच्या दुकानात गेली. साऱ्या दुनियेला विचारलं, बापाला नाही. हे त्यांच्या मनाला इतकं लागलं की जेवताना घास फिरायचा. दोघं रोज एका टेबलावर जेवत होती, मीठ दे, पाणी दे, सगळं चालू होतं, आणि डेपो हा शब्द काही निघत नव्हता. ती ताट उचलून आत गेली की हे उठून खिडकीशी जायचे, परत यायचे, पुन्हा खिडकीशी.

"अहो, बसा एका जागी. डोकं दुखायला लागलं माझं," बायको म्हणायची.

एके दिवशी दुपारी ग्रंथपालबाई दुकानात आल्या. बॅगबिग काही नव्हती हातात. म्हणाल्या, "या वेळी खुर्चीवर बसायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी दोघांना विचारून आले. औषधवाले म्हणाले, चेनवालेच बसू देत, ते उतरले तर लोक म्हणतील मी उतरवलं. तुमची मुलगी म्हणाली, बाबा कुणाची बाजू घेणार नाहीत."

हे ऐकून चेनवाल्यांची छाती फुगली, आणि हातातला टोचा दुप्पट वेगानं फिरायला लागला. "बसतो," ते म्हणाले.

घरी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती, तिनं मान वर केली नाही. "नका बसू. तुम्हाला जमायचं नाही."

"म्हणजे? मी पक्षपात करीन असं वाटतं तुला?"

"कराल. कुणाच्या बाजूनं कराल ते देव जाणे, पण कराल."

"इतकी वर्षं केला नाही."

"इतकी वर्षं समोर परकी माणसं होती," ती म्हणाली, आणि देठ बाजूला टाकले.

त्यांना राग आला. राग यायचं कारण, तीच शंका त्यांना स्वतःला होती. लोकांना वाटत होतं, आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, बाप पोरीला सांभाळून घेणार. लोकांना काय माहीत, की बापाचं पोट औषधवाल्यांच्या बाजूला होतं. डेपो राहावा असं त्यांना जिवापाड वाटत होतं. मग पोरगी जिंकावी असं वाटत होतं का? तेही वाटत होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. सभेपर्यंतचे दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. दुकान बंद करून निघायचं, अर्ध्या वाटेवरून परत फिरायचं, कुलूप लावलं का ते बघायचं, अहो पण कुलूप आत्ताच तर लावून निघाला होतात.

सभेच्या दिवशी वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यातही माणसं. डेपोचे ड्रायव्हर एका बाजूला, दवाखान्यातल्या बायका दुसऱ्या बाजूला, आणि आमच्या गल्लीतले सगळे दुकानदार खिडकीकडच्या बाकांवर ओळीनं. ग्रंथपालबाई पुढच्या बाकावर. चेनवाले इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीवर, दोन्ही हात टेबलाखाली एकमेकांत घट्ट धरून ठेवलेले.

चिठ्ठी टाकून औषधवाल्यांची पाळी पहिली आली. मुरलेला माणूस. त्यांनी मुलीचं म्हणणं मांडलं ते पत्रकातलंच, धूर, खोकला, लहान मुलं, पण सरळ मांडलं. मुलगी म्हणाली, "हो." चेनवाले म्हणाले, "चला पुढे." औषधवाले आपलं बोलले, टाळ्या झाल्या, सगळं रीतसर.

मग मुलगी उठली. साधी सुती साडी, कागद नाही हातात.

"औषधवाल्यांचं म्हणणं असं," ती म्हणाली, "की डेपो आहे म्हणून ही वस्ती उभी आहे. इथली म्हातारी माणसं, आजारी माणसं, सकाळी कामाला जाणाऱ्या बायका चालत येऊन गाडी पकडतात. डेपो बाहेर गेला तर आधी डेपोपर्यंत पोचायलाच दुसरी गाडी लागेल. धूर आहे, पण तो नव्या गाड्या आणून कमी करता येईल. त्यासाठी डेपो उठवायची गरज नाही."

औषधवाले हसून म्हणाले, "हो. माझ्यापेक्षा बरं सांगितलंस."

सभागृह हसलं. मुलगी अध्यक्षांकडे वळली. आणि चेनवाले म्हणाले, "पुन्हा."

लोकांना वाटलं, ऐकण्यात काहीतरी चुकलं. मुलीलाही तसंच वाटलं असावं. तिनं पुन्हा सांगितलं, जरा सावकाश, आणि दुकानांचं जोडलं: "आणि डेपोभोवतीची दुकानं बसतील, असंही ते म्हणतात."

"हो हो," औषधवाले म्हणाले. "झालं की."

"पुन्हा," चेनवाले म्हणाले.

आता कुजबुज सुरू झाली. जिन्यातून कुणी तरी म्हणालं, पोरगी आहे म्हणून जास्तच कडक. चहावाला खूश होऊन म्हणाला, याला म्हणतात न्याय. पण तो न्याय नव्हता. समोरच्यानं 'हो' म्हटल्यावर 'पुन्हा' म्हणायचं हे त्या सभेत कधी घडलं नव्हतं. चेनवाल्यांना ते कळत होतं, कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, आणि तरी तोंडातून तोच शब्द येत होता. तिनं तिसऱ्यांदा सांगितलं. एकही मुद्दा सुटला नाही. औषधवाल्यांनी या वेळी नुसती मान हलवली, तेही ओशाळले होते.

"पुन्हा."

मुलीनं त्यांच्याकडे बघितलं. इतका वेळ 'अध्यक्ष' म्हणत होती, ते सोडून दिलं. "बाबा, काय राहिलं? सांगा ना."

"माझं राहिलं," चेनवाले म्हणाले.

म्हणून गेले, आणि मग कळलं की काय म्हणून गेलो. बायको मागच्या बाकावर होती, तिनं डोळ्यांवर हात धरला.

ग्रंथपालबाई उठल्या. रागावल्या नाहीत. "चेनवाले," त्या म्हणाल्या, "समोरच्यानं हो म्हटलेलं आहे. तुमचं काही राहिलं असेल तर त्याची जागा तिकडे, बाकांवर आहे."

इतकी वर्षं मिरवलेली खुर्ची. चेनवाल्यांना लाज वाटली, अशी की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण माणूस मुळात खोटा नाही. ते उठले, म्हणाले, "चुकलो. मुलीवर अन्याय केला. चला पुढे," आणि खाली उतरून खिडकीकडच्या बाकावर जाऊन बसले. दुकानदारांनी सरकून जागा दिली. बाई खुर्चीवर बसल्या.

मुलगी बोलली. बोलली चांगलं, धूर, आकडे, बाहेरची मोकळी जागा, पण आत काहीतरी मोडल्यासारखं बोलली. टाळ्या पडल्या त्या दवाखान्यातल्या बायकांच्याच. मग बाई म्हणाल्या, "आता लोकांचे प्रश्न," आणि पहिला हात वर गेला तो चेनवाल्यांचा.

बायकोनं लांबूनच मान हलवली, नको. पण एकदा ठरवल्यावर हे कुठले ऐकायला. उभे राहिले. सगळ्या गल्लीचे डोळे त्यांच्यावर होते, कारण सगळ्या गल्लीचा प्रश्न तोच होता.

"आधी उमेदवाराचं म्हणणं," बाईंनी आठवण करून दिली.

"माहीत आहे," चेनवाले म्हणाले. नियम काय त्यांना शिकवायचा? ते मुलीकडे वळले. "तुझं म्हणणं असं, की डेपोच्या धुरानं मुलांना खोकला होतो. म्हणून डेपो बाहेर न्यावा."

"नाही," ती म्हणाली.

"नाही कसं? पत्रकात लिहिलंय की."

"ते पत्रक आहे, बाबा. औषधवाल्यांनी तेवढंच सांगितलं, मी हो म्हटलं, कारण त्यांना तेवढंच माहीत असणार. तुम्ही सांगा."

चेनवाल्यांनी घसा खाकरला. "तुझं म्हणणं असं, की गाड्यांचा आवाज, गर्दी, रस्ता अडतो..."

"नाही."

"बरं मग, दवाखान्यात तू रोज पेशंट बघतेस..."

"नाही, बाबा."

आणि तिथे चेनवाल्यांचं सगळं संपलं. त्यांना आठवेना, या पोरीच्या तोंडून डेपोबद्दल आपण कधी काही ऐकलंय का. ऐकलं नव्हतं. महिनाभर पोरीनं विचारलं नाही म्हणून कुढत होते, खिडकीशी येरझारा घालत होते, आणि तू का गं उभी राहतेस एवढं त्यांनीही तिला विचारलं नव्हतं. विचारायचं सुचलंच नव्हतं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "सांग तू."

मुलीनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान डोलावली.

"मी शाळेतून दुकानात यायचे," ती म्हणाली. लोकांकडे बघणं तिनं सोडूनच दिलं होतं. "शाळा फाटकाच्या त्या बाजूला, दुकान या बाजूला. मधून गाड्या बाहेर पडायच्या, काही उलट्या मागे यायच्या. ड्रायव्हरला माझ्याएवढं पोर दिसायचंच नाही. मी तिकडे उभी राहायचे. तुम्ही समोर दिसायचात, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळ. मी वाट बघायचे, की बाबा वर बघतील आणि मला न्यायला येतील. तुमच्या हातात चेन असायची. मग कुणी बाई हात धरून आणायची. कुणी नसलं तर मी डोळे मिटून पळायचे."

"कधी बोलली नाहीस," चेनवाले म्हणाले.

"दुकानात आले की तुम्ही विचारायचात, भूक लागली का. मग काय बोलणार. रोज भीती वाटायची, बाबा. आता कामावर जाताना बघते, त्याच फाटकाशी तशीच पोरं उभी असतात. पत्रकात धूर घातला, कारण धुराचे आकडे मिळतात. भीतीचे कुठून आणू? आणि हे लिहायचं तर तुमचं दुकान आलं त्यात, तुम्ही आलात. म्हणून नाही लिहिलं. म्हणून तुम्हाला विचारलंही नाही."

डेपोच्या ड्रायव्हरांपैकी एकानं टोपी काढून मांडीवर ठेवली. चहावाला आपल्या नखांकडे बघत बसला.

"आता तुम्ही सांगा, चेनवाले," बाई हळूच म्हणाल्या. "तिचं म्हणणं."

टेबलाशी औषधवाले पाणी ओततायत तो आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"तुझं म्हणणं असं," चेनवाले म्हणाले, "की तू फाटकाशी उभी असायचीस. आणि मी वर बघितलं नाही."

"हो," मुलगी म्हणाली.

"चला पुढे," बाई म्हणाल्या. "तुमचा प्रश्न विचारा."

प्रश्न तर होताच, आणि तो खोटा नव्हता, सगळ्या गल्लीच्या पोटाचा होता. काही लागलेलं नव्हतं तरी चेनवाल्यांनी हात सदऱ्याला पुसले. "डेपो गेल्यावर आम्ही दुकानदारांनी कुठे जायचं?" त्यांनी विचारलं, आणि तिचं उत्तर पूर्ण होईपर्यंत तिच्यावरची नजर काढली नाही.